खिडकीतली अँटेना आणि मुलीचं करिअर

प्रश्न : माझी सतरा वर्षांची मुलगी खिडकीत छोटी अँटेना लावून विमानांना उपग्रहावरून जाणारे संदेश संगणकावर उतरवते. पडद्यावर नुसती अक्षरं-आकड्यांची रांग दिसते. आता तिचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम लिहायला बसली आहे. गणितात मागे पडतेय. हे बंद करायला लावू का? – एक आई

उत्तर : ताई, बंद करायला लावू नका. आधी एवढं बघा, ती फक्त तयार सॉफ्टवेअर चालवतेय की स्वतः अर्थ लावतेय. सुमारे 36,000 किलोमीटरवरच्या उपग्रहाचा क्षीण सिग्नल पकडणं आता स्वस्त यूएसबी रिसीव्हरवरही जमतं. खरं काम त्यापुढे आहे.

समुद्रावर रडार पोहोचत नाही, म्हणून जमिनीवरचा हवाई नियंत्रक वैमानिकाला उपग्रहावरून लेखी सूचना पाठवतो. 'अमुक उंचीवर चढा' या सूचनेला ठरलेला क्रमांक आहे, 20. संदेशाचा अनुक्रमांक फक्त सहा बिटांत, म्हणजे सहा शून्य-एकांत, बसवलेला, त्यामुळे पुढचं बरंचसं बाइटच्या, म्हणजे आठ बिटांच्या गटाच्या, सीमेवर सुरू होत नाही. एक बिट चुकलं की सगळा अर्थ बिघडतो. रांगेतली शेवटची चार अक्षरं-आकडे पडताळणीचे. ते काढताना विमानाचा नोंदणी क्रमांकही धरतात, म्हणजे एकाची सूचना दुसऱ्याने चुकून स्वीकारू नये. हे कोडं कागद-पेन्सिल घेऊन सोडवणारी मुलगी दूरसंचार, सिग्नल प्रोसेसिंग, एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा), नेटवर्क सुरक्षा यांपैकी कुठेही रमेल.

या क्षेत्राचं मोल सांगणारी एक घटना आहे. 2014 मध्ये मलेशियाचं एमएच370 हे प्रवासी विमान बेपत्ता झालं. रडारवरून नाहीसं झाल्यावरही त्याचं यंत्र काही तास उपग्रहाला 'मी आहे' एवढाच प्रतिसाद देत राहिलं. त्या प्रतिसादाला लागलेल्या वेळेवरून विमान नकाशावरच्या कुठल्या कमानीवर असेल, हे अभियंत्यांनी काढलं.

गणिताचं मात्र मी सोडणार नाही. सिग्नलमधून बिट वेगळे करायला त्रिकोणमिती आणि संमिश्र संख्याच लागतात. तिने तो टप्पा तयार प्रोग्रॅमवर सोपवला असेल, तर तोही स्वतः लिहायला सांगा. पाठ्यपुस्तक आपोआप उघडेल. परीक्षेआधीचे दोन महिने अँटेना खाली, हे तिच्याशी बोलून ठरवा.

असे संदेश ऐकण्याचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, ते तिने आधी वाचावेत. संदेशातला मजकूर कुठेही टाकू नये. प्रवेशाच्या मुलाखतीत दाखवायचा तो स्वतःचा कोड आणि चुका कशा सापडल्या याची वही.

आज रात्री तिच्या शेजारी बसा आणि एक संदेश बिटाबिटाने वाचून दाखवायला सांगा. ती कुठे अडखळते आणि अडखळल्यावर काय करते, ते मला पुढच्या पत्रात कळवा.