सोलापुरात घरावर डांबरी शिंगल्स (छपरावर खिळ्यांनी ठोकायचे, वर खडी लावलेले डांबराचे तुकडे) टाकायचेत, थ्री-टॅब (एकेरी, खालच्या कडेला काप देऊन तीन पट्टे केलेलं) घेऊ की लॅमिनेटेड (दोन थरांचं)?

लॅमिनेटेड घ्या. पण खरं सांगू का, तुम्ही प्रकार विचारताय आणि मला खिळ्यांबद्दल बोलायचंय.

२०१६ ला जुळे सोलापुरात वरची खोली बांधली, लोखंडी कैच्या, त्यावर प्लायवूड आणि वर थ्री-टॅब. दाजी म्हणाले लॅमिनेटेड घे, पण माझं बजेट बसत नव्हतं. पुढच्या मे महिन्यात वळीव आला आणि पश्चिमेच्या पाख्यावरचे वीस-पंचवीस शिंगल्स उडून शेजारच्या अंगणात पडले. तेव्हापासून लग्न असो, बारसं असो, दाजींचं एकच, "स्वस्तातलं घेतलं, उडालं."

मी दुसऱ्या दिवशी शिडी लावून वर गेलो होतो, ते कुणी ऐकून घेत नाही. एक तुकडा उचलून बघितला तर खिळ्याची भोकं डिंकपट्टीच्या (उन्हानं वितळून शिंगल्स एकमेकांना चिकटवणारी पट्टी) दोन बोटं वर, मारायचे पट्टीच्या खाली. एका शिंगलला चार खिळे पाहिजेत, जास्त वाऱ्याला सहा, इथं कुठं तीन, कुठं दोन. आणि त्या पट्टीवर बोट फिरवलं तर नुसती धूळ. मिस्त्रीनं बंडलं फोडून आठवडाभर गच्चीवर उघडी टाकली होती, मग उन्हात पट्टी वितळून वरच्या शिंगलला चिकटणार कशी? लॅमिनेटेड असतं तरी गेलंच असतं, उलट त्यात खिळा वर गेला की मागचा थर खिळ्यात सापडतच नाही, तो सुटून खाली घसरतो.

बाकी फरक म्हणाल तर थ्री-टॅब एकेरी, हलकं, कापांमुळं वारा पट्टा उचलतो. लॅमिनेटेडला दोन थर चिकटवलेले, वजनदार, वाऱ्याला आणि आपल्या ४४ डिग्रीला जास्त टिकतं. शिंगलवरची बारीक खडी झडली की डांबर उन्हात तडकतं, मग पन्हळीत ज्वारीच्या कण्यांसारखी खडी साठलेली दिसते. फिका रंग घ्या आणि आढ्याला हवा जायला वाट ठेवा, आम्ही ठेवली नव्हती, खोली भट्टी झाली.

हां, उतार १२ फुटाला ४ फूट तरी हवा. २ ते ४ फुटांच्या मधे असेल तर शिंगल्सखाली दुहेरी अस्तर घालून चालतं, २ फुटाहून कमी असेल तर शिंगल्सचा नादच सोडा.

पश्चिमेचं पाखं मी उरलेल्या त्याच थ्री-टॅबनं परत करून घेतलं, स्वतः वर उभा राहून एकेक खिळा बघितला. त्यानंतर किती वळीव झाले, एक पट्टा हललेला नाही. दाजींना कितीदा म्हटलं वर येऊन बघा, अजून आलेले नाहीत.