शब्द आणि ध्वनी, दोन्ही एकट्याने

प्रश्न : मी कविता लिहितो आणि लॅपटॉपवर स्वतः तयार केलेल्या ध्वनींच्या साथीने त्या वाचून दाखवतो. ऐकणारे म्हणतात, संगीत चांगले आहे, पण शब्द कळत नाहीत. एकट्याने दोन्ही कसे सांभाळावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : न्यूयॉर्कच्या कलाकार लॉरी अँडरसन यांची १९८१ सालची ‘ओ सुपरमॅन’ ही रचना आपण जरूर कान देऊन ऐकावी. आठ मिनिटांहून अधिक लांबीच्या या रचनेचा पाया म्हणजे त्यांच्याच आवाजातला ‘हा’ हा एक उच्चार असून तो यंत्राने पुन्हापुन्हा उमटत राहतो आणि त्यावर त्या व्होकोडरमधून, म्हणजे बोलण्याला यांत्रिक सूर देणाऱ्या उपकरणातून, संथपणे बोलत जातात. साथ इतकी मोजकी असल्यामुळे शब्दांना ऐसपैस जागा मिळते, आणि तरीही ही रचना ब्रिटनमधील खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली होती.

त्याआधी, १९७७ च्या सुमारास, त्यांनी व्हायोलिनच्या गजावरचे केस काढून तिथे ध्वनिमुद्रित चुंबकीय फीत ताणून बसवली आणि घोडीवर, म्हणजे तारांना आधार देणाऱ्या पट्टीवर, फितीवरचा ध्वनी वाचणारे टेपरेकॉर्डरचे हेड बसवले. गज एका दिशेने ओढला की मुद्रित शब्द सुलटा ऐकू येई, परत नेला की उलटा, आणि हाताचा वेग वाढला की तोच शब्द चढ्या स्वरात उमटे. घरगुती वाटावे असे हे साधन मला फार मोलाचे वाटते, कारण त्यात शब्द हाच वाद्याचा कच्चा माल झाला आहे.

आपणही साथीचे ध्वनी आपल्याच वाचनातून काढून पाहावेत. एखादा श्वास किंवा ओळीच्या शेवटचा ‘स’ कापून त्याचे आवर्तन करावे. व्यंजने स्पष्ट कळण्यासाठी साधारण २००० ते ४००० हर्ट्झचा पट्टा महत्त्वाचा असतो, म्हणून इक्वलायझरमध्ये (ध्वनीचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करण्याच्या सोयीत) फक्त साथीचा तेवढा भाग थोडा खाली आणावा. ‘त’ आणि ‘थ’ यांतला फरक हवेच्या छोट्याशा झोताचा असतो, आणि आवाजावर प्रतिध्वनी जास्त चढवला की हा फरकच आधी बुडतो. भरगच्च ध्वनी दोन कडव्यांच्या मधल्या विरामात आणावेत; कीर्तनातही निरूपण चालू असताना मृदंग थांबलेला असतो आणि अभंग सुरू होताच तो बोलू लागतो.

ध्वनिमुद्रण झाल्यावर, ती कविता पूर्वी न वाचलेल्या कुणाला तरी ते साध्या मोबाइलच्या स्पीकरवर ऐकवावे आणि ऐकू आलेल्या ओळी लिहून घ्यायला सांगावे. जिथे शब्द सुटेल, तिथली साथ काढून टाकावी.