दोन मितींचा ॲरे एका मितीत आणताना

ओळी-स्तंभांत मांडलेल्या किमतींचा ॲरे एकाच सलग रांगेत आणला की कुठलं घर कितव्या जागी जातं, याचं सूत्र पाठ करायला बसू नका. कागदावर ३ ओळी आणि ४ स्तंभांची चौकट काढा आणि ० ते ११ आकडे ओळीने भरत जा. मोजणी शून्यापासून धरली की ओळ १, स्तंभ २ या घरात ६ येतो, कारण त्याच्याआधी एक अख्खी ओळ, म्हणजे ४ घरं, आणि चालू ओळीतली २ घरं होऊन गेलेली असतात. म्हणून ओळ गुणिले स्तंभसंख्या, अधिक स्तंभ. उलट यायचं असेल तर ६ ला ४ ने भागा: भागाकार १ ही ओळ, बाकी २ हा स्तंभ.

नवख्यांची हमखास चूक म्हणजे स्तंभसंख्येऐवजी ओळींच्या संख्येने गुणणं. ३ बाय ३ च्या ॲरेवर ती पकडलीच जात नाही, उत्तर बरोबर येतं! त्यामुळे चाचणी कायम ओळी आणि स्तंभ वेगवेगळे असलेल्या ॲरेवरच घ्या.

सी या प्रोग्रॅमिंग भाषेत ॲरेची मेमरीतली मांडणी ओळीने असते, फोरट्रान या भाषेत स्तंभाने. पायथनच्या नमपाय या लायब्ररीत ॲरे एका मितीत आणणारं फ्लॅटन हे फंक्शन नेहमी नवी प्रत देतं. तेच काम करणारं रॅव्हल मात्र जमेल तिथे मूळचीच मेमरी दाखवतं, आणि मग तिथे बदललेली किंमत मूळ ॲरेतही बदलते.