पद्धत बदलण्याआधी काम कुठे अडते ते मोजा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्षभरापूर्वी आपल्या सॉफ्टवेअर टीमने स्क्रम (ठरावीक मुदतीच्या छोट्या फेऱ्यांत काम करण्याची पद्धत) स्वीकारले, दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे त्या फेऱ्या, आणि रोजची बैठक नियमाने चालू आहे, तरीही रिलीज (नवी आवृत्ती वापरकर्त्यांना देणे) उशिरानेच होतात, आता व्यवस्थापन कानबान (एका वेळी हाती असलेल्या कामांवर मर्यादा घालणारी पद्धत) आणू पाहते आहे, तर ते आणावे का? माझे मत असे, की तूर्त पद्धतीला हात लावू नये. आपले काम कुठे आणि किती दिवस पडून राहते, हे आधी मोजावे.

मी पूर्वी ज्या टीममध्ये होतो तिथे हाच पेच पडला होता. तेव्हा आम्ही नुकतेच पूर्ण झालेले एक साधे काम निवडले. बिलांच्या यादीत तारखेनुसार शोध घेण्याची सोय, एवढेच ते काम होते. मागणी नोंदवल्यापासून सोय वापरकर्त्याच्या हाती पडेपर्यंतचे सगळे टप्पे जुने ईमेल आणि नोंदी चाळून आम्ही फळ्यावर मांडले. एकूण 41 दिवस लागले होते. त्यांतले कोणी प्रत्यक्ष काम केलेले दिवस जेमतेम 4. बाकी 9 दिवस मंजुरीसाठी, 6 दिवस कोड रिव्ह्यूसाठी (लिहिलेला कोड सहकाऱ्याने तपासण्यासाठी), 13 दिवस टेस्टिंगच्या रांगेत आणि 9 दिवस रिलीजच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहण्यात गेले होते. तोवर आमची सगळी चर्चा अंदाज कसे सुधारावेत आणि कोड लवकर कसा लिहावा याभोवती फिरत होती, म्हणजे त्या 4 दिवसांभोवतीच. टेस्टिंग करणाऱ्या सहकारी फळ्याकडे पाहत म्हणाल्या, “माझ्यापुढे कायम दहा-अकरा कामे असतात, आणि जो जास्त पाठपुरावा करतो त्याचे आधी होते.” आमच्या एकाही रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये (स्प्रिंटनंतरच्या आढावा बैठकीत) ही गोष्ट पुढे आली नव्हती, याची खंत मला आजही वाटते.

रांग का वाढते, याचे गणित अवघड नाही. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, स्थिर चाललेल्या व्यवस्थेत हाती असलेल्या कामांची सरासरी संख्या ही काम पूर्ण होण्याचा वेग आणि प्रत्येक कामाला लागणारा सरासरी काळ यांच्या गुणाकाराइतकी असते. टीम आठवड्याला 5 कामे पूर्ण करत असेल आणि 30 कामे सुरू असतील, तर एका कामाला सरासरी 6 आठवडे लागणारच, मग पद्धतीचे नाव काहीही असो. वेग तोच ठेवून हातची कामे 15 वर आणली, तर काळ 3 आठवड्यांवर येतो. दुसरी बाब माणसांना पूर्ण वेळ गुंतवून ठेवण्याच्या हट्टाची. कामे अनियमितपणे येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त असतो, असे धरणाऱ्या रांगेच्या सर्वांत साध्या गणितात 80 टक्के व्यस्त माणसाकडे कामाला स्वतःच्या वेळेच्या सरासरी 4 पट थांबावे लागते, 90 टक्क्यांना 9 पट आणि 95 टक्क्यांना 19 पट. प्रत्यक्षातले आकडे वेगळे येतील, पण वाढीचा कल हाच राहतो. म्हणून टेस्टिंगसारख्या अडलेल्या टप्प्यावर थोडी मोकळीक राखणे याला मी उधळपट्टी मानत नाही.

कानबानचा गाभाही हाच आहे. टोयोटात ताइइची ओहनो यांनी ही रीत रुजवली, तेव्हा पुढच्या टप्प्याकडून कार्ड आल्याशिवाय मागच्या टप्प्याने माल करायचा नाही, असा तिचा नियम होता; कार्डे मोजकी असल्यामुळे साठाही मोजकाच राही. आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा रकाने आखलेला फळा तेवढा येतो आणि हातच्या कामांवरची मर्यादा मागेच राहते. ती मर्यादा स्क्रम चालू ठेवूनही घालता येते.

तेव्हा मागच्या 20-25 कामांच्या प्रत्येक टप्प्यात शिरण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या तारखा काढा. जिथे सर्वांत जास्त दिवस जातात तिथे कामांची कमाल संख्या ठरवा, आणि ती भरली की नवे काम सुरू करण्याऐवजी कोड लिहिणाऱ्यांनी तिथली रांग हलवायला मदत करावी. आमच्याकडे पहिले दोन आठवडे फार अवघड गेले, कारण एखादा प्रोग्रामर नवा कोड न लिहिता चाचण्या करताना दिसला, की वरिष्ठांना चैन पडत नसे. हे आकडे कोणाही व्यक्तीच्या मूल्यमापनात जाणार नाहीत, असे वरिष्ठांकडून आधीच वदवून घ्या. नाहीतर तारखा खऱ्या नोंदवल्या जाणार नाहीत.

मोजल्यावर सर्वांत मोठी रांग मंजुरीची निघाली, तर तो विषय टीमच्या अधिकाराबाहेरचा आहे, आणि मंजुरी देणाऱ्या व्यक्तीलाच त्या फळ्यासमोर आणावे लागेल. याउलट, बहुतेक कामे स्प्रिंटच्या मध्येच तातडीने येऊन आखणी मोडत असतील, तर स्प्रिंट सोडून कानबानकडे वळणे योग्य ठरेल, आणि तेव्हा व्यवस्थापनाला दाखवायला आपल्या हाती तारखाही असतील.