नारळावरचा गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा यांत फरक काय? जास्त धोकादायक कोणता?

दोघेही भुंगेच, पण झाड मारतो तो मुख्यतः सोंड्या.

गेंड्या काळा, जाडजूड, साधारण 4-5 सेंमी लांब. डोक्यावर शिंग, नराचं जास्त मोठं. इथे नुकसान करतो तो प्रौढ भुंगा. तो शेंड्यात शिरून न उघडलेला कोंब कुरतडतो, मग तीच झावळी उघडली की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. त्याच्या अळ्या शेणखतात, कुजलेल्या खोडात वाढतात. जिवंत झाडाला त्यांचा त्रास नाही.

सोंड्याचं उलटं. हा तांबूस तपकिरी, थोडा लहान, पुढे लांब वाकडी सोंड. मादी झाडाच्या जखमेत अंडी घालते आणि बिनपायांच्या अळ्या खोड आतून पोखरतात. बाहेरून बराच काळ काहीच कळत नाही, हेच फार वाईट. खोडातून तपकिरी चिकट द्रव गळताना किंवा भोकातून चावलेला भुसा बाहेर आलेला दिसला तर एक दिवसही थांबू नका. शेंडा कलंडल्यावर झाड सहसा वाचत नाही.

आणखी एक गोष्ट, जी बरेचदा सुटते: गेंड्याने केलेल्या जखमांतूनच सोंड्याला आत जायची वाट मिळते. म्हणून गेंड्याकडे किरकोळ म्हणून दुर्लक्ष करू नका. खतखड्ड्यात गेंड्याच्या अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी वापरा, कुजकी खोडं बागेतून काढून टाका आणि झाडावर विनाकारण खाचा पाडू नका. कामगंध सापळे (गंधाने भुंगे ओढून पकडणारे) दोघांसाठीही मिळतात, पण प्रत्येकाचा गंध वेगळा असतो. घेताना कोणत्या भुंग्यासाठी हवा ते नक्की सांगा.