फोटोग्राफी सुधारण्यासाठी ‘रोज एक फोटो’ हे चॅलेंज घ्यावं का, की दुसरे काही क्रिएटिव्ह सराव आहेत?

‘रोज एक फोटो’च्या नादी लागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. रोज विषय वेगळा, उजेड वेगळा, सेटिंग वेगळं; मग आजचा फोटो कालच्यापेक्षा बरा का आला, हे कळायला वावच राहत नाही. बाकी सगळं जागच्या जागी ठेवून एकच गोष्ट बदलायची, याला मी सराव म्हणतो.

त्यासाठी अंड्यासारखा विषय नाही. पांढरं अंडं, पांढरा कागद आणि एक खिडकी. खोलीतले दिवे बंद करा, नाहीतर खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळसर उजेड मिसळून पांढऱ्याचा रंग बिघडतो. थेट ऊन नको. टेबल खिडकीपासून दोन-तीन फुटांवर ठेवून उजेड अंड्यावर बाजूने पडू द्या. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ (उजेडाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता) 100, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) एफ/8, दोन सेकंदांचा टायमर.

पहिला फोटो ऑटो एक्स्पोजरवर काढा, म्हणजे उजेड किती घ्यायचा ते कॅमेऱ्याला ठरवू द्या. कागद राखाडी येईल. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं दृश्य मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो, म्हणून पांढरं काळवंडतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची सोय) +1 ते +1.7 पर्यंत न्या. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजळ-गडद भागांचा आलेख) उजवीकडे सरकेल, पण कडेला चिकटू देऊ नका. चिकटला की कवचाचा पोत गेला, आणि तो एडिटिंगमध्येही परत येत नाही.

आता हेच एक्स्पोजर मॅन्युअलवर लावून ठेवा. सावलीच्या बाजूला, फ्रेमच्या बाहेर, पांढरा पुठ्ठा उभा करा: काळी बाजू उजळते, गोलाई मवाळ होते. त्याच जागी काळा पुठ्ठा ठेवलात तर कड ठसठशीत होते. मग खिडकी झाकून वीतभर उभी फट ठेवा. सावलीची कड लगेच धारदार होईल, कारण उजेडाचा स्रोत अरुंद झाला. इथे उजेडही घटतो, तेव्हा शटर तेवढा सावकाश करावा लागेल. पोर्ट्रेट काढताना चेहऱ्यावरचा उजेड असाच घडवायचा असतो.

दुसरा सराव पर्स्पेक्टिव्हचा, म्हणजे जवळच्या-लांबच्या गोष्टी एकमेकांच्या तुलनेत केवढ्या दिसतात त्याचा, आणि इथे मला ‘टेली लेन्स पार्श्वभूमी जवळ ओढते’ म्हणणाऱ्यांशी भांडायचंच आहे. माणूस उभा करा, मागे पंधरा पावलांवर झाड. 2 मीटरवरून 24 मिमीने फोटो काढा, मग मागे, माणसापासून 6 मीटरवर जाऊन 70 मिमीने. माणूस साधारण तेवढाच, झाड मात्र कितीतरी मोठं! आता त्याच 6 मीटरवरून 24 मिमीने काढा आणि मधला भाग क्रॉप करा. माणूस आणि झाड यांचं प्रमाण 70 मिमीच्या फोटोसारखंच निघेल. फरक पडला तो तुम्ही मागे गेलात म्हणून. त्यामुळे ‘आधी प्राइम लेन्स (झूम नसलेली) घे, मग नजर तयार होईल’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सची झूम रिंग 35 मिमीवर टेप लावून आठवडाभर बंद ठेवली तरी पाय हलायला लागतात.

पॅनिंग, म्हणजे हलत्या विषयासोबत कॅमेरा वळवत फोटो काढणं, हेही करून बघा: सायकलवाला, शटर 1/30 सेकंद, पाय रोवलेले, कमरेतून वळायचं, आणि क्लिक झाल्यावरही वळणं थांबवायचं नाही. थांबलं की सायकलही अस्पष्ट येते. सुरुवातीला बरेचसे फोटो वाया जाणारच.

हो, प्राइमचं मोठं अ‍ॅपर्चर कमी उजेडात खरंच उपयोगी पडतं, ते नाकारत नाही. आणि फोनवर हे करणार असाल तर अंड्यावर बोट दाबून फोकस-एक्स्पोजर लॉक करा आणि एचडीआर बंद करता येत असेल तर करा. तो सावल्या आपणहून उजळतो आणि पुठ्ठ्याने पाडलेला फरक दिसतच नाही.