पुण्यात जुनी गाडी बघायला जाण्याआधी मालकाला फोनवर काय विचारावं?

पहिला प्रश्न कागदांचा: आरसी तुमच्याच नावावर आहे का आणि तिच्यावर बँकेच्या कर्जाचा बोजा आहे का? बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवण्याचा अर्ज) तयार आहेत का, हेही विचारा. आरटीओत नाव बदलताना बहुतेक लोक इथेच अडकलेले मी पाहिलेत. ‘नंतर देतो’वर विसंबू नका. मग:

- गाडीचा नंबर मागून एमपरिवहन या सरकारी ॲपवर मालक कितवा, विमा कधीपर्यंत, ते ताडून पाहा. चलनं थकलीत का?
- हिंजवडी-खराडीकडे परराज्यातल्या गाड्या बऱ्याच विकायला असतात. मूळ आरटीओची एनओसी आणली का, इथला टॅक्स कोण भरणार?
- अपघात, विम्याचा क्लेम, सर्व्हिसची बिलं?

‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका’ असंही सांगा. थंड इंजिन सुरू होतानाच धूर आणि खडखड कळते. मात्र उत्तरं चोख मिळाली तरी टोकन देण्याआधी आपला मेकॅनिक न्याच.